तेरा ऑक्टोबरचा सोमवार संपवण्याबाबत

मी, डिलॉय मॉर्टेन्सन, वय वर्षे चौऱ्याऐंशी, टर्की पाळून आयुष्य काढलेला, राहणार एफ्रम, यूटा, हे माझं मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. कान नाहीत, पण लिहायला ते लागत नाहीत. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण माझी मुलगी ट्विला आणते, पण ती सोमवारी येते आणि आज मंगळवार आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं, कारण त्यात मी माझा घोडाही वाटून दिला होता आणि तो माझ्याआधी गेला.

कलम १. घर ट्विला, केंट आणि ब्रायस या तिन्ही मुलांना समान. भांडायचंच झालं तर स्वयंपाकघरात भांडावं, तिथल्या खुर्च्या बऱ्या आहेत.

कलम २. तळघरातला गहू. चर्चने सांगितलं म्हणून संकटकाळासाठी १९७४ साली मी तो डब्यांत भरून ठेवला. संकट आलं नाही, हा माझा दोष नव्हे. केंट या गव्हाला ‘पुराणवस्तू’ म्हणाला होता, सबब सगळे डबे त्याला द्यावेत आणि त्याने ते स्वतः उचलून न्यावेत.

कलम ३. बैठकीतली लाकडी फळी. हे कलम लांबणार आहे.

आमच्या चर्चमध्ये सोमवारची संध्याकाळ घरच्यांची असते. सगळ्यांनी एकत्र बसायचं, देवाचं नाव घ्यायचं, काहीतरी गोड खायचं. धाकटा ब्रायस नीट बोलू लागला तेव्हा मी ही फळी केली. तिला पाच खुंट्या: सुरुवातीची प्रार्थना, गाणं, धडा, खाऊ, शेवटची प्रार्थना. आम्ही माणसं पाच, म्हणून नावाच्या पाट्याही पाच. शेवटची प्रार्थना झाली की प्रत्येक पाटी एक खुंटी पुढे सरकवायची. तोवर फळीला कोणी हात लावायचा नाही, हा नियम माझा.

मुलांची लग्नं झाली तरी सोमवार चालू होता. १३ ऑक्टोबर २००३ रोजी शेवटची प्रार्थना ब्रायसकडे होती. तो एकवीस वर्षांचा होता. तो म्हणाला, “बाबा, माझा आता विश्वास उरला नाही. उगाच डोळे मिटून बसायला नाही जमणार मला.”

मी म्हणालो, “मग जमेल तेव्हा सोमवारी ये. तोवर येऊ नकोस.”

माझ्या तीन मुलांत माझं ऐकणारं हे एकटंच निघालं. तो मंगळवारी येऊ लागला. गवत कापतो, माझ्या गोळ्या आणतो, आदल्या दिवशीचा उरलेला खाऊ खातो आणि जातो.

पण शेवटची प्रार्थना राहिली ती राहिलीच, म्हणून पाट्या सरकल्या नाहीत. वीस वर्षं सात महिने ट्विला खाऊ आणते आहे. आधी ती लेमन पाय भाजून आणायची. मग हिरव्या जेलीवर आली, आत किसलेलं गाजर. आता दुकानातली बिस्किटं आणते, तीही फोडलेल्या पाकिटातली. “बाबा, मला काय जन्मठेप झालीय का?” असं ती दर सोमवारी विचारते. केंटकडे गाणं आहे. तो आयडाहोला गेल्यापासून फोनच्या पडद्यावरून गातो, आणि आवाज उशिरा येत असल्यामुळे बेसूर केंट आहे की फोन, हे ठरवता येत नाही. धडा माझ्याकडे. म्हातारा धड्यासाठीच फळी हलवत नाही असं दोघं म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे.

सुरुवातीची प्रार्थना माझी बायको वेर्ला हिच्याकडे होती. ती २०१६ साली गेली. तिची पाटी तशीच आहे. २००३ ची ती संध्याकाळ बंदच झालेली नसल्यामुळे नव्याने सुरू करण्याची गरज पडली नाही. जाण्याआधी ती म्हणाली होती, “डिलॉय, एक फोन कर रे त्याला. संपव तो सोमवार एकदाचा.” मी केला नाही. चूक माझी होती आणि वेर्ला असतानाच ती कबूल करायला हवी होती. याचं मला फार वाईट वाटतं.

सबब, माझ्या दफनानंतरच्या पहिल्या सोमवारी ब्रायसला घरी बोलवावं. त्याने प्रार्थना करण्याची गरज नाही. त्याला खरं वाटेल असं एक वाक्य बोलावं, ‘चला, निघतो’ हेही चालेल. बाकीच्यांनी आमेन म्हणावं आणि पाट्या सरकवाव्यात. फळी ब्रायसची.

कलम ४. इथवर मी साक्षीदारांना वाचून दाखवलं. शेजारीण आर्डिथ ऑल्सन चष्मा काढून म्हणाली, “डिलॉयभाऊ, तो बाहेर गवत कापतोय.”

“माहीत आहे.”

“मग मरायची वाट कशाला बघताय?”

तिचा नवरा ग्लेन त्याला बोलावून घेऊन आला.

मला तोंडाने सांगवेना, म्हणून मी ब्रायसला कलम ३ वाचायला दिलं. त्याने ते दोनदा वाचलं.

“म्हणजे ट्विला वीस वर्षं माझ्यामुळे खाऊ आणतेय?”

“माझ्यामुळे,” मी म्हणालो.

तो फळीपुढे जाऊन उभा राहिला. टोपी काढली. म्हणाला, “बोलावलंत, बरं वाटलं बाबा. एवढंच.”

आम्ही तिघं आमेन म्हणालो. १३ ऑक्टोबर २००३ चा सोमवार आज मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी संपला, याची नोंद घ्यावी. पाट्या ब्रायसने सरकवल्या.

कलम ५. त्यामुळे दफनानंतरच्या सोमवारची तजवीज रद्द. नवी व्यवस्था अशी: सुरुवात ब्रायसकडे. तो म्हणतो, मी फक्त ‘या, बसा’ म्हणेन. चालेल. गाणं वेर्लाकडे आलं आहे, तेव्हा तिच्या पाळीला सगळे दोन मिनिटं गप्प बसतील, केंटसुद्धा. धडा केंटकडे, शेवटची प्रार्थना ट्विलाकडे.

खाऊ माझ्याकडे आला आहे. मला जेली येत नाही. ब्रायस शनिवारी येऊन शिकवतो म्हणाला आहे. सबब सोमवार, २० मे २०२४ ची संध्याकाळ पार पडेपर्यंत हे मृत्युपत्र अंमलात येऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

ठिकाण: एफ्रम, यूटा
दिनांक: मंगळवार, १४ मे २०२४

सही: डिलॉय मॉर्टेन्सन

साक्षीदार:
१. ग्लेन ऑल्सन
२. आर्डिथ ऑल्सन (सहीवरचा ओला डाग हिचाच आहे, तो ग्राह्य धरावा)