नवऱ्याचे दोन्ही हात शाबूत असल्याबद्दल

प्रति,
मेहेरबान कामगार नुकसानभरपाई कमिशनरसाहेब,
मुक्काम पुणे.

अर्जदार : दगडाबाई कोम मानसिंग घोगरे, वय सुमारे तीस, राहणार काटेवाडी, तालुका बारामती.

विषय : चरकात उजवा हात गेला तो अर्जदाराचा, तिच्या नवऱ्याचा नव्हे, अशी नोंद होणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा दिनांक १० फेब्रुवारीचा अर्ज व त्यावर कारखान्याने दिलेली कैफियत.

महोदय,

१. अर्जदार व तिचा नवरा हे चार हंगाम इंदापूर तालुक्यातील मौजे बाभूळओढा येथील साखर कारखान्यात चरकात ऊस सारण्याचे काम करीत आले. राबतात दोघे, हजेरीपटात मात्र मुकादम सर्जेराव हा 'मानसिंग घोगरे, जोडी' एवढेच लिहितो. जोडीतल्या बाईचे नाव लिहिण्याची तेथे वहिवाट नाही.

२. यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, मोळी सारताना अर्जदाराच्या सणाच्या नव्या बांगड्या रुळात अडकल्या. इंजिनवाला बिरदेव याने धावत जाऊन पट्टा उतरविला, तोवर हात कोपरापर्यंत आत गेला होता. बारामतीच्या दवाखान्यात तो कोपराच्या वर कापावा लागला. बैलगाडीत सारी वाट मानसिंग तिचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. त्याबद्दल हजेरीपटात त्याचा अर्धा खाडा मांडला गेला.

३. अर्जदाराने अर्ज केल्यावर कारखान्याने जखमी कामगार म्हणून मानसिंगास बोलावले. कारखान्याच्या डॉक्टरने त्याला मुठी आवळावयास लावल्या, भरलेली बादली उचलावयास लावली. अर्जदार शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "सायेब, हात माझा गेलाय. ह्यांचं कशापायी बघताय?" डॉक्टर म्हणाले, "पटावर ज्याचं नाव, त्याचीच तपासणी." त्यांनी दाखला दिला की, इसमाचे दोन्ही हात शाबूत असून तो कामास लायक आहे. सबब कोणी कामगार जखमी झालाच नाही, आणि अर्जदार त्या दिवशी नवऱ्याची भाकरी घेऊन आली असता तिने उगाच चरकात हात घातला, असे कैफियतीत आहे. अर्जदाराचे म्हणणे, भाकरी दोघांची एकाच फडक्यात असे आणि ती दोघे दिवस उगवण्याआधी घेऊन निघत.

४. सर्जेरावास विचारता तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, तू काम केलंस हे म्या डोळ्यानं बघितलंय. पर वर कुणी इचारलं तर मला ठावं न्हाय." बिरदेव मात्र साक्षीस तयार आहे.

५. इथवरचे अर्जदाराने गिळले असते. परंतु तपासणीहून आल्यापासून मानसिंग तिच्या नजरेस नजर देत नाही. गेल्या सोमवारी जेवता जेवता हातातला घास खाली ठेवून तो म्हणाला, "मीच घालू का हात चरकात? मंग तरी लिवत्याल." अर्जदाराने त्याला शिव्या दिल्या, पोरांची आण घातली. तो हसला, पण 'न्हाय' म्हणाला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्यामागे जाऊन चरकाजवळ बसू लागली. तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्याने तिला फाटकाबाहेर काढले. कारण असे सांगितले की, कामावर नसलेल्या बाईला आत मज्जाव आहे. तेव्हापासून ती फाटकाबाहेर दिवसभर बसते आणि इंजिन मध्येच थांबले की उठून उभी राहते. ऊस अजून तीन आठवडे पुरेल, असे गाडीवान सांगतात.

६. सबब विनंती की, तपासणी अर्जदाराची व्हावी. बिरदेवाची साक्ष घ्यावी. निकाल केव्हाही होवो, पण हुजुरांनी अर्जदारास कामगार मानून चौकशी लावली आहे, एवढे दोन ओळींचे पत्र मानसिंगाच्या नावे तातडीने यावे. त्याला वाचता येत नाही. अर्जदार कोणाकडून तरी वाचून घेईल.

७. अर्जदाराच्या जागी चरकावर आता शेजारची फुलाबाई उभी राहते. तिचेही नाव पटावर नाही. तिने अर्ज केलेला नाही, कारण तिला अद्याप काही झालेले नाही. तिचे नाव आजच लिहून घेण्याचा हुकूम व्हावा.

हुकुमाची वाट पाहणारी,
दगडाबाई कोम मानसिंग घोगरे
निशाणी : डाव्या हाताचा अंगठा

इंदापूर, दिनांक २४ एप्रिल १९३६
अर्ज लिहिणार : रावजी अर्जनवीस

सोबत : १. बारामती दवाखान्याचा दाखला. २. मानसिंगाच्या तपासणीच्या दाखल्याची नक्कल.