कोपऱ्यातली गळाची काठी

टिलबर्ग,
फेब्रुवारी २०२१

ती. आईस सप्रेम जयभीम,

इथे लॉकडाऊन आहे, पण मी ठणठणीत आहे. ऑफिसचं काम घरूनच चालतं.

रविवारी समुद्रावर गरवायला गेलो. थंडीत मासा सुस्त असतो, म्हणून बाबांनी शिकवलं तसा गळ हळूहळू ओढला. चांगला हातभर मासा लागला! पण या दिवसांत इथे तो परत सोडावाच लागतो. तू असतीस तर तोवर मसाला वाटून मोकळी झाली असतीस.

बाबांना दम लागणं आता कमी झालंय म्हणतेस. मग व्हिडिओ कॉलवर त्यांची गळाची काठी रोज त्याच कोपऱ्यात कशी दिसते गं? तिच्यावरची धूळसुद्धा दिसते.

बाबा खाडीवर गेले की लगेच फोन लाव. बोलू नकोस काही, नुसता तो रिकामा कोपरा दाखव.

तुझा,
धम्मपाल