मंगलच्या हाताला चालेल असा

सातारा, रविवार संध्याकाळ

आज बायकोला, मंगलला, घेऊन सांगलीला जाऊन आलो. तिच्यासाठी कॅमेरा घ्यायचा म्हणून कितीतरी दिवस मी मिररलेस कॅमेऱ्यांच्या तुलना वाचत होतो. हलकाच घ्यायचा, हे माझं पक्कं. आजारपणानंतर तिचा उजवा हात थरथरतो. त्यापायीच तिने फोटो काढणं सोडलं. पण तिच्यासमोर त्या हाताचं नाव काढायचं कसं?

दुकानात मी हलका कॅमेराच पुढे केला. तिने माझा फोटो काढला, तर चेहरा सगळा पुसट. वाटलं, आता ही उठून बाहेर जाणार. पण ती सरळ दुकानदाराला म्हणाली, "माझा हात हलतो. हात हलला तरी चालंल, असा कॅमेरा दावा."

त्याने दुसरा दिला. जरा जड, पण आतला सेन्सर हाताची थरथर सांभाळून घेतो म्हणे. हात तसाच हलत होता, फोटो मात्र स्वच्छ! माझ्या भुवईतले पांढरे केससुद्धा दिसले.

"आवं, ह्योच घ्या."

"जड आहे गं. दिवसभर गळ्यात पेलवेल?"

"गळ्यात तुमी घाला. फोटो काढायचा तवा माझ्याकडं द्या."

तोच घेतला. मी वजनंच बघत बसलो. तिला विचारायचं कसं सुचलं नाही?

येताना इस्लामपूरला एसटी थांबली. मी चहा घेऊन परतलो, तर मंगल शेजारच्या सीटवरच्या म्हातारीला विचारत होती, "मावशी, जरा हसा की. फोटो काढते."