पिवळंधमक पितळ

गोल्वेन,

इंजिन सुरू करू नकोस. ते गार ठेवणाऱ्या पाण्याचा कॉक मी बंद केलाय आणि बाबांच्या शिस्तीप्रमाणे किल्ली त्याच्याच दांडीला अडकवलीय.

संडासात समुद्राचं पाणी घेणारा कॉक होडीच्या बुडाशीच तुटला. भोकात लाकडी बूच ठोकलंय. इंजिन हादरलं तर ते निघेल, म्हणून अधूनमधून हात लावून बघ आणि पंप चालू ठेव. मी ब्रेस्ट शहरातून नवा कॉक घेऊन संध्याकाळपर्यंत येते.

बाबा धक्क्यावर उतरायला तयार नाहीत. म्हणाले, "जुनं पितळ, पोरी. आपोआप गेलं." मी म्हटलं, "तुम्ही या होडीवर काही आपोआप जाऊ दिलंयत कधी?" तर हसले. "म्हातारपणी सवयी सुटतात गं."

खाऱ्या पाण्याने कुजलेलं पितळ आतून तांबूस असतं. हे तुटल्या जागी पिवळंधमक होतं.

सूप गरम करून दे. सोमवारी होडी विकली जाणार, वृद्धाश्रमातली खोली तयार आहे, यातला कुठलाही विषय पुन्हा काढू नकोस. त्यांना एकटं सोडू नकोस, ब्रेड आणायलासुद्धा नाही.

बूच ठोकायला हातोडा शोधला, तो त्यांच्या उशीखाली सापडला. मी बरोबर नेतेय.

सोआझिग