मध्यावर आणलेली फुली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, विज्ञानाची पदवीधर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. संतापलेली आहे, पण त्याने कायद्याला बाध येत नाही, हे वकिलांना विचारून घेतलं आहे.

१. राहतं घर, बँकेतली ठेव आणि दागिने मुलीला. दागिने तिने वापरावेत. कपाटात कोंडायचे असतील तर सरळ विकावेत.

२. यजमानांची रायफल मी परवान्यासह जमा केली आहे. तिच्यावरची जुनी दुर्बीण मात्र घरात आहे. तीही मुलीला. तिच्याबद्दल चार ओळी लिहिणं भाग आहे.

यजमान नेमबाजी मंडळात प्रशिक्षक होते. शेवटच्या स्पर्धेत त्यांच्या सगळ्या गोळ्या लक्ष्य सोडून एकाच बाजूला, एकाच ठिकाणी लागल्या. हात कापतो, पितात, असं लोक बोलले. कापऱ्या हाताच्या गोळ्या विखुरतात, एका जागी जमत नाहीत, एवढंही त्या शहाण्यांना सुचलं नाही. मंडळाने यजमानांना घरी बसवलं आणि त्यांच्या धाकट्या भावाला नेमलं. यजमानांनी मरेपर्यंत त्या दुर्बिणीला पुन्हा हात लावला नाही.

ते गेल्यावर मी ती ओट्यावर शिकंज्यात आवळली आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवर रोखली. बाजूच्या चकतीचं टोपण काढलं. चकती फिरवली की आतली नेम धरायची फुली सरकते. चकतीवरचा बाण दाखवतो उजवीकडे आणि फुली निघाली डावीकडे! दुर्बिणीला भरपूर शिव्या घातल्यावर उजेड पडला: बाण फुलीचा नाही, गोळी कुठे सरकेल त्याचा आहे.

टोपणाखाली यजमानांनी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारून ठेवली होती. चकती त्या रेघेवर आणली की फुली काचेत एका बाजूला जाते. जुन्या दुर्बिणींत असंच असतं. फुली कडेला, नेम बरोबर. मला मात्र ती अगदी मधोमध सापडली होती.

स्पर्धेच्या सकाळी रायफल मैदानावर भाऊजींनी नेली होती. मी त्यांना गाठलं.

"अहो वहिनी, फुली वाकडी दिसत होती. मी नुसती मधे आणली. दादाला सांगणार होतो, गडबडीत राहिलं."

"आणि नंतर?"

"नंतर काय सांगायचं? माझी नेमणूक झाली होती ना!"

३. खालचा गाळा, जिथे भाऊजी इतकी वर्षं फुकट दुकान चालवतात, तो त्यांना मिळेल. अट एक. मंडळाच्या पुढच्या सभेत, माझ्या मुलीदेखत, उभं राहून त्यांनी "फुली मी हलवली" असं म्हणावं. "नुसती" हा शब्द चालणार नाही. न म्हटल्यास गाळा मुलीचा, आणि तिने त्यांचं सामान त्याच दिवशी रस्त्यावर मांडावं. काका म्हणून दयामाया दाखवू नये.

४. फुली मी रेघेवर आणून ठेवली आहे. मुलीने ती हलवू नये. कुणी वाकडी म्हणालं तर टोपण उघडून रेघ दाखवावी आणि हे बाबांचं काम आहे, असं सांगावं.

५. मुलगी म्हणाली, "आई, साक्षीदार म्हणून काकाचीच सही घे ना." ज्याला लाभ होतो त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे. फुली हलली त्या सकाळी भाऊजी दोन्ही होते.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर
सही: लिहिणारी

साक्षीदार:
१. सही: घरचे डॉक्टर (तपासलं. रक्तदाब चढलेला, बुद्धी शाबूत.)
२. सही: शेजारच्या शिंपीणबाई