झेंडूच्या गोळ्या आणि मास्टरची नजर

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून सुरू. झेंडूच्या फुलांचा अर्क, अँटिऑक्सिडंट. रोज एक गोळी. डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करा. त्याचं काय जातं! देगलुरात तीस वर्षं कापड कापतोय. ह्या डोळ्यांना कुणाचा हात लागू देणार नाही. गोळ्या मुज्तबाने दिल्या, शाळेपासूनचा दोस्त. म्हणाला, "ताहेरभाई, मी स्वतः घेऊन राहिलो. लई फरक हाय."

९ नोव्हेंबर
फरक आहे! पहिल्या फटक्यात सुई ओवली. बायको म्हणून रईसाने खुश व्हावं की नाही? ती आपली सुयांची डबी आवरत बसली. सुया मात्र हल्ली जाड बनवतात. कंपन्या बिघडल्या.

२१ नोव्हेंबर
दुसरी डबी. सिद्रामप्पांच्या मुलाच्या, सोमेशच्या लग्नाचा कोट शिवायला घेतला, नेव्ही ब्लू. रईसा म्हणे, "मला नुसतं बघू द्या." मास्टर कोण?
दिव्याभोवती रंगीत गोल दिसतात. मुज्तबा म्हणाला, गुण आल्याची खूण. वाटलंच होतं.

४ डिसेंबर
रईसा दोन दिवस लातूरला, सुमय्याकडे. मध्येमध्ये करायला कुणी नाही. मुलीचं घर असावंच. कोट एकटाकी पूर्ण, इस्त्री करून पोचवला. झकास.

५ डिसेंबर
सिद्रामप्पा कोट घेऊन परत. अंग निळं, डावी बाही काळी. दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं कापड. "मास्तर, नवरदेव हाय का बँडवाला?" फॅशन आहे म्हणालो. दुकानातली चार माणसं हसली. फार लागलं.

५ डिसेंबर, संध्याकाळ
रईसा आली. मी विचारलं, मग महिनाभर बाकीचे कपडे बरोबर कसे गेले? तेव्हा बोलली. दुपारी मी झोपलो की ती माझं काम उसवून परत शिवत होती. सुईसुद्धा तिनेच गोधडीची ठेवलेली! घरातच दगा. का, विचारलं. "तुम्ही खुश दिसून राहिले होते." जेवलो नाही. फक्त दोन भाकरी.

७ डिसेंबर
मुज्तबाला जाब विचारायला गेलो. कुलूप. शेजारी म्हणाले, नांदेडला गेलाय, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. दुसऱ्या डोळ्याच्या. पहिला बकरी ईदनंतरच, पावसाळ्यात झाला.
म्हणजे मला डबी देताना त्याला माझा चेहरा स्वच्छ दिसत होता.

१८ डिसेंबर, नांदेड
ऑपरेशन काल झालं. मनाविरुद्ध. आज पट्टी निघाली. सगळं लख्ख. भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, रईसाचे पांढरे केस दिसले. एवढे कधी झाले?
मग अंगातल्या शर्टाकडे लक्ष गेलं. खिसा तिरपा, बटणपट्टी वाकडी, एक बाही आखूड. डोकंच फिरलं. म्हटलं, कुठल्या गाढवाने शिवला हा? दुकान कसं चालतं त्याचं?
रईसाने माझी आखूड बाही हलकेच खाली ओढली. मग म्हणाली, "हा एक उसवायचा राहून गेला."