भोंगा बंद करून गायचं कडवं

पुणे, मार्च २००६

आबा, तुम्हाला अन् मायला सत्यशीलाचा जयभीम.

मी मजेत हाय, जेवणखाण बराबर चालू हाय. फोन केला तर तुम्हाला दुकानात बोलवावं लागतं, चारचौघांत बोलायचं न्हाई म्हणून लिहून राह्यले. मायची दाढ दुखायची थांबली का?

माझी प्रेस किट झाली. म्हणजे फोटो, माहिती, मोबाईल नंबर अन् चार गाणी एका सीडीत. तेच इंटरनेटवरबी टाकलं. कार्यक्रम ठेवणारे ते पाहूनच बोलावतात. माहितीत आपल्या आष्टीचं अन् तुमचं नाव लिहिलं. ओट्यावर खाटंवर पेटी घेऊन बसलेला तुमचा फोटो सगळ्यांना आवडला.

मसणवट्याच्या वाटंचं तुमचं गाणं पुरं गायले. शेवटचं कडवं तुम्ही जयंतीलाबी भोंगा बंद करून, वस्तीपुरतंच गाता. पण स्टुडिओत कुठला आला भोंगा? आपली वाट कोणी नांगरून वावरात घेतली, ते भुजंगरावाच्या नावासकट गायले.

काल एका माणसाचा फोन आला. मला वाटलं कार्यक्रमासाठी असंल. आवाज चांगला हाय म्हणला. मंग तेच कडवं त्यानं मला हळू आवाजात म्हणून दाखवलं. नाव सांगितलं न्हाई.

इंटरनेटवरून गाणं काढायला लावलं, पण सीड्या वाटून झाल्यात. तुम्ही घाबरू नका. दादा एमआयडीसीतून रोज घरी येतो ना?

फोन ठेवताना त्यानं इचारलं, म्हातारा अजून ओट्यावरच निजतो का?

आबा, आजपासून घरात निजा. खाटबी आत घ्या.

तुमची लेक,
सत्यशीला